इयागोला नेमके काय सलत होते?

'ऑथेल्लो' या नाटकात सर्वांत जास्त बोलतो तो इयागो. नायकापेक्षाही त्याच्या वाट्याला संवाद अधिक आहेत. नाटक सुरू होते तेव्हा ऑथेल्लो रंगमंचावर नसतोच. व्हेनिसच्या एका रस्त्यावर, रात्रीच्या वेळी, इयागो त्याच्याविषयीची चीड एका श्रीमंत तरुणापुढे ओकत असतो. या पहिल्या प्रवेशात ऑथेल्लोचे नाव एकदाही उच्चारले जात नाही. त्याचा उल्लेख होतो तो केवळ 'मूर' म्हणून. प्रेक्षकांना नायकाचे नाव ऐकू येण्याआधी त्याचा द्वेष ऐकू येतो.

शेक्सपिअरने हे नाटक १६०३-०४च्या सुमारास लिहिले. १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात त्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. कथा थोडक्यात अशी. ऑथेल्लो हा व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा मूर सेनापती. सिनेटर ब्रॅबॅन्शिओची मुलगी डेस्डेमोना वडिलांच्या नकळत त्याच्याशी लग्न करते. त्याच रात्री तुर्की आरमार सायप्रसवर चालून येत असल्याची खबर येते आणि ऑथेल्लोची तिकडे रवानगी होते. डेस्डेमोनाही सायप्रसला जाते. तिथे त्याच्या हाताखालचा इयागो ऑथेल्लोच्या मनात भरवतो, की डेस्डेमोनाचे त्याचा नायब कॅसिओ याच्याशी संबंध आहेत. ऑथेल्लो निरपराध पत्नीला तिच्या शय्येवर मारतो, सत्य कळल्यावर स्वतःचाही जीव घेतो.

मग प्रश्न उरतो, इयागोने हे का केले? गंमत म्हणून, पैशासाठी, सूड म्हणून? चारशे वर्षे वाचक आणि नट या प्रश्नाशी झगडत आले आहेत. अडचण अशी, की इयागो कारणे सांगतो ती एक-दोन नव्हेत, चार-पाच. ती सगळी एका रांगेत मांडून त्यांतले खरे कोणते हे निवडायला गेले, की हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा प्रत्येक कारण तो कुणापुढे सांगतो, केव्हा सांगतो आणि पुढे त्या कारणाचे काय होते, हे पाहावे. तसे पाहिले की या माणसाचे मन बरेच स्पष्ट दिसू लागते.

हुकलेली जागा

पहिले कारण बढतीचे आहे. इयागो ऑथेल्लोच्या सैन्यात निशाणबरदार आहे. त्या काळच्या तुकडीत कप्तान, त्याच्याखाली लेफ्टनंट आणि त्याखाली निशाणबरदार अशी उतरंड असे. लेफ्टनंट म्हणजे वरिष्ठाचा नायब. वरिष्ठ नसेल तेव्हा कारभार त्याच्याकडे. ही जागा आपल्याला मिळेल अशी इयागोची खात्री होती. रोड्स आणि सायप्रसच्या मोहिमांत त्याने ऑथेल्लोच्या डोळ्यांसमोर लढाई केली होती. पण ऑथेल्लोने कॅसिओला नेमले. कॅसिओ फ्लॉरेन्सचा, म्हणजे व्हेनिसला परका, आणि इयागोच्या मते निव्वळ पुस्तकी. ज्याने रणांगणावर एक तुकडीही उभी केलेली नाही असा.

आता नोकरीत ज्येष्ठतेला किंमत राहिली नाही, वशिला आणि मर्जी यांवरच सगळे चालते, ही इयागोची तक्रार. कचेरीत किंवा पलटणीत उमेदीची वर्षे घालवलेल्या कोणालाही ती पटकन समजते. शेक्सपिअरची ताकद इथे दिसते. त्याने खलनायकाच्या तोंडी पहिल्याच प्रवेशात अशी तक्रार घातली आहे, की ऐकणारा नकळत मान डोलावतो. मात्र त्याच भाषणात इयागो आणखी एक गोष्ट बोलून जातो. त्याच्या नेमणुकीसाठी शहरातल्या तीन बड्या असामींनी ऑथेल्लोकडे शब्द टाकला होता. म्हणजे वशिल्याबद्दल बोटे मोडणाऱ्या या माणसाने स्वतः वशिला लावून पाहिला होता. तो चालला नाही, हे त्याचे दुखणे आहे.

हे कारण तो सांगतो रॉडरिगोला, म्हणजे सुरुवातीच्या त्या श्रीमंत तरुणाला. रॉडरिगो डेस्डेमोनावर भाळलेला आहे आणि इयागो तिला मिळवून देण्याच्या नावाखाली त्याच्याकडून पैसे उकळतो आहे. रॉडरिगोचा विश्वास टिकवायचा तर आपणही ऑथेल्लोचे शत्रू आहोत हे त्याला पटवणे भाग आहे. त्यामुळे बढतीची गोष्ट केवळ पैशासाठी रचलेली बतावणी असेल, अशी शंका येऊ शकते. पण पहिल्या अंकाच्या शेवटी इयागो एकटा असतो, फसवायला समोर कोणी नसते, तेव्हाही तो कॅसिओची जागा मिळवण्याचा बेत बोलतो. त्या काळच्या रंगभूमीवर स्वगत म्हणजे पात्राने प्रेक्षकांशी केलेले उघडे बोलणे. तेव्हा हे दुखणे खरे मानायला हवे.

ते क्षुल्लकही नव्हते. चौथ्या अंकात व्हेनिसहून पत्र येते. ऑथेल्लोला परत बोलावले आहे आणि सायप्रसचा कारभार कॅसिओकडे द्यायचा आहे. लेफ्टनंटच्या जागेवरून माणूस एका बेटाचा सुभेदार होऊ शकत होता. इयागोच्या हातून काय निसटले, याचे माप त्या पत्रात मिळते.

एकांतातला संशय

दुसरे कारण इयागो स्वगतात सांगतो. ऑथेल्लोचे आपल्या बायकोशी, एमिलियाशी, संबंध होते अशी कुजबुज आहे, असे तो म्हणतो. लगेच पुढे कबूल करतो, की हे खरे आहे की नाही हे मला ठाऊक नाही. पण अशा बाबतीत नुसता संशयही मला पुरेसा आहे, मी खात्री असल्यासारखाच वागेन.

अनेक समीक्षकांनी हे कारण ओढूनताणून आणलेले म्हणून बाजूला सारले. आधी द्वेष ठरला, मग त्याला शोभेल असे निमित्त शोधले, असे त्यांना वाटले. पण नाटकातच एक साक्ष आहे. चौथ्या अंकात ऑथेल्लोने डेस्डेमोनाला वेश्या म्हटल्यावर एमिलिया संतापते. कुणीतरी नीच माणसाने जागा मिळवण्यासाठी ही कंडी पिकवली असणार, असे ती म्हणते आणि इयागोकडे वळून त्याला आठवण करून देते, की अशाच कुणीतरी तुझेही मन फिरवले होते आणि तू माझ्यावर ऑथेल्लोवरून संशय घेतला होतास. समोर उभा असलेला इयागो तिला गप्प बसायला सांगतो. म्हणजे हा संशय स्वगतापुरता जन्मलेला नाही. त्यावरून नवरा-बायकोत आधीच बोलणे झालेले आहे.

दुसऱ्या अंकात हा विचार आपले काळीज विषासारखा कुरतडतो आहे, अशी कबुली इयागो देतो. फिटंफाट व्हावी, बायकोच्या बदल्यात बायको, असे त्याला वाटते. ते जमले नाही तर ऑथेल्लोला अशा मत्सरात ढकलायचे, की विवेकाने तो बरा होणारच नाही. त्याच दमात तो कॅसिओवरही एमिलियाच्या बाबतीत संशय घेतो.

मला वाटते, सगळ्या नाटकाची किल्ली इथे आहे. इयागो ऑथेल्लोला जो आजार देतो तो त्याचा स्वतःचा आहे. पुराव्याशिवाय आलेला, पुराव्याची वाट न पाहणारा, खात्रीच्या जागी येऊन बसणारा संशय. तिसऱ्या अंकातल्या मोठ्या प्रवेशात तो ऑथेल्लोला मत्सरापासून सावध राहायला सांगतो आणि संशयी नवऱ्याची रात्रंदिवस काय दशा होते याचे इतके नेमके वर्णन करतो, की ते अनुभवाशिवाय सुचू नये. सुरुवातीला ऑथेल्लो डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागतो. त्याला मिळते काय? कॅसिओ झोपेत काहीतरी बरळला अशी इयागोने सांगितलेली गोष्ट, आणि एक रुमाल. स्ट्रॉबेरीच्या नक्षीचा तो रुमाल ऑथेल्लोने डेस्डेमोनाला दिलेली पहिली भेट. तिच्या हातून तो पडतो, एमिलिया उचलते, इयागो तिच्याकडून घेऊन कॅसिओच्या खोलीत टाकतो. एवढ्यावर ऑथेल्लो खुनाची शपथ घेतो. आपण जसे झालो तसेच त्यालाही करून टाकायचे, हा इयागोच्या सुडाचा गाभा.

मूळ कथेतला सरळ हेतू

शेक्सपिअरने ही गुंतागुंत जाणूनबुजून आणली, असे म्हणायला आधार आहे. जिराल्दी चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५मध्ये छापलेल्या 'हेकाटोमिती' या कथासंग्रहात नाटकाची मूळ कथा आहे. तिथल्या निशाणबरदाराचा हेतू अगदी सरळ आहे. तो डिस्डेमोनाच्या प्रेमात पडतो, ती त्याच्याकडे लक्ष देत नाही, तिचे मन दुसऱ्या एका अधिकाऱ्यावर असावे असे त्याला वाटते आणि प्रेमाचे रूपांतर द्वेषात होते. सूड तिच्यावरच उगवायचा आहे. बढती हुकल्याची गोष्ट त्या कथेत नाही. मूर आणि निशाणबरदार मिळून वाळू भरलेल्या मोज्याने तिला मारतात आणि अपघात वाटावा म्हणून वरचे छत पाडतात.

हा हेतू शेक्सपिअरच्या पुढ्यात तयार होता. नाकारलेल्या प्रेमाचा सूड प्रेक्षकांना समजावून सांगावा लागत नाही. तरी त्याने तो जवळजवळ काढून टाकला. इयागो एकदाच म्हणतो, की मलाही डेस्डेमोना आवडते, आणि लगेच पुस्ती जोडतो, की ती केवळ वासना नव्हे, सूड पोसण्यासाठी. द्वेषाचा रोख स्त्रीवरून सेनापतीवर वळला. नाकारलेल्या प्रियकराच्या जागी डावलला गेलेला चाकर आला. डेस्डेमोना सुडाचे लक्ष्य राहिली नाही, साधन झाली. तिचा मृत्यू अधिक असह्य होतो तो यामुळेच. ज्याने तो घडवून आणला त्याचे तिच्याशी काही वैरच नव्हते.

मागणी पुरी होते तेव्हा

इयागोचे पहिले कारण पारखून पाहण्याची संधी नाटक स्वतःच देते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. सायप्रसला आल्यावर पहिल्याच रात्री इयागो कॅसिओला दारू पाजतो, भांडण पेटवतो, त्यात बेटाचा आधीचा सुभेदार मोंटॅनो जखमी होतो आणि ऑथेल्लो कॅसिओला पदावरून काढतो. पुढे तिसऱ्या अंकात, खुनाची शपथ झाल्यावर, ऑथेल्लो इयागोला आपला लेफ्टनंट नेमतो. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ती जागा मिळाली. नाटकाचा अजून जवळजवळ अर्धा भाग बाकी आहे.

सूड बढतीसाठी असता तर इथे थांबता आले असते. डेस्डेमोना अजून जिवंत आहे. ऑथेल्लोला दोन शब्द सांगून संशय शमवणे कदाचित अजून शक्य आहे. इयागो मात्र आणखी जोर लावतो. कॅसिओला त्याच्या मैत्रिणीविषयी, बियांकाविषयी, बोलते करण्याचा डाव मांडतो, ते बोलणे डेस्डेमोनाविषयी आहे असे भासवून ऑथेल्लोला आडून पाहायला लावतो, आणि ऑथेल्लो विषाचा विचार करतो तेव्हा विष नको, शय्येवरच गळा आवळ, असे सुचवतो.

यावरून दिसते, की जागा हे दुखण्याचे निमित्त होते. दुखणे वेगळे होते. स्वतःची जी किंमत इयागोने मनाशी ठरवली होती, ती ऑथेल्लोने नेमणूक करताना मानली नाही. पद नंतर देता येते; पण आधी दुसऱ्याला निवडले होते, ही गोष्ट कशानेच पुसता येत नाही. म्हणून ती जागा मिळूनही भरपाई होत नाही.

त्यात आता आणखी एक गोष्ट मिसळली आहे. तुर्की आरमार वादळात बुडाले. लढायला आलेल्या सैनिकांना बेटावर काही कामच उरले नाही. त्या दंग्याच्या रात्रीनंतर पहाट होते तेव्हा इयागो म्हणतो, की आनंदात आणि कामात वेळ कसा गेला ते कळले नाही. अवघ्या २८ वर्षांचा, बुद्धीने तल्लख आणि हाताखालच्या जागेवर अडकलेला हा माणूस पहिल्यांदाच आपल्या अकलेला पुरेल असे काम करतो आहे. सेनापती, नायब, सिनेटरची मुलगी, सगळे त्याच्या इशाऱ्यावर हलतात. सुडात त्याला सत्तेची चव लागली, आणि ती सोडवत नाही.

दुसऱ्याचा चांगुलपणा

यापेक्षाही खोल जाणारी दोन वाक्ये इयागोच्या तोंडी आहेत. एकदा तो एकांतात कबूल करतो, की ऑथेल्लो मला सहन होत नसला तरी तो स्थिर, प्रेमळ आणि उमद्या स्वभावाचा आहे, आणि डेस्डेमोनाला तो चांगला नवराच ठरेल. दुसऱ्यांदा, पाचव्या अंकात, कॅसिओला अंधारात मारण्याचा बेत करताना तो म्हणतो, की कॅसिओच्या रोजच्या जगण्यात असे काही सुंदर आहे, की त्याच्यापुढे मी कुरूप ठरतो.

या बोलण्यात बढती नाही, एमिलिया नाही, पैसा नाही. शत्रू चांगला आहे हे त्याला ठाऊक आहे आणि ते ठाऊक असल्यामुळेच तो पेटतो. दुसऱ्याने काही केले म्हणून नव्हे, तर तो जसा आहे तसा आहे म्हणून येणारा राग, याला आपण हेवा म्हणतो. हेव्याला न्याय मिळण्याची सोयच नसते. त्याला समाधान एकच, दुसऱ्याचे सौंदर्य नाहीसे होणे. ऑथेल्लोच्या तोंडची उदात्त भाषा चौथ्या अंकात तुटते, तो भोवळ येऊन पडतो, लोकांसमोर पत्नीवर हात उगारतो. इयागोला हवे होते ते हेच. त्याला ऑथेल्लो मेलेला पाहायचा होता त्यापेक्षा उतरलेला पाहायचा होता.

ऑथेल्लोच्या वर्णाचा प्रश्नही इथेच येतो. पहिल्या प्रवेशात ब्रॅबॅन्शिओला उठवताना इयागो जनावरांच्या प्रतिमांनी भरलेली घाण भाषा वापरतो. व्हेनिसच्या मनात दडलेला तिरस्कार त्याला नेमका माहीत आहे आणि तो हत्यारासारखा वापरतो. पुढे ऑथेल्लोच्याच मनात तो रुजवतो, की तुझ्यासारख्याला या मुलीने निवडले हे मुळातच अस्वाभाविक, तेव्हा तिचे मन परत आपल्या लोकांकडे वळणारच. वर्णद्वेष इयागोच्या द्वेषाचे एकमेव मूळ असो वा नसो, त्याच्याशिवाय हे विष चढले नसते.

समीक्षक आणि नट

इयागोच्या हेतूंवर सर्वांत गाजलेले मत कोलरिज या कवीचे. १८१८-१९च्या व्याख्यानांच्या सुमारास नाटकाच्या प्रतीवर केलेल्या टिपणात त्याने असे सुचवले, की हा निर्हेतुक दुष्टावा आहे आणि तो स्वतःसाठी हेतू धुंडाळतो आहे. हॅझलिटने १८१७मध्येच दुसरी बाजू दाखवली होती: सत्तेची आवड आणि मनाला सतत चाळवणारे काहीतरी हवे असणे, हा माणसाचा स्वाभाविक हेतूच आहे. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४च्या ग्रंथात डिवचल्या गेलेल्या श्रेष्ठत्वाच्या भावनेवर बोट ठेवले. बर्नार्ड स्पिव्हॅक यांनी १९५८मध्ये इयागोचे नाते मध्ययुगीन नीतिनाट्यांतल्या 'व्हाइस' या पात्राशी जोडले. प्रेक्षकांना विश्वासात घेऊन हसत-हसत माणसांना नाडणे, हेच त्या पात्राचे काम असे.

नटाला मात्र निर्हेतुक दुष्टावा वठवता येत नाही. त्याला काहीतरी हवे असावेच लागते. १९३८मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएने लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये इयागो केला, तेव्हा दिग्दर्शक टायरन गथ्रीसह त्याने फ्रॉइडचे अनुयायी अर्नेस्ट जोन्स यांचा विचार घेतला: इयागोच्या मनात ऑथेल्लोविषयी दडपलेले आकर्षण आहे. १९८९मध्ये इयन मॅकेलनने शिस्तीत मुरलेला, कोरडा शिपाईगडी उभा केला. २०१५मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या प्रयोगात ल्यूशन म्सामाटी हा कृष्णवर्णीय नट इयागो झाला. वर्णाचा प्रश्न तिथे दोघांच्याही अंगाशी आला.

मराठीत हे नाटक फार लवकर आले. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७मध्ये प्रसिद्ध झाले, गो. ब. देवलांनी १८९०मध्ये 'झुंझारराव' हे त्याचे रूपांतर लिहिले आणि गणपतराव जोशींनी त्यातली नायकाची भूमिका गाजवली. पुढे शिरवाडकरांनीही 'ऑथेल्लो' मराठीत आणले. विशाल भारद्वाज यांच्या २००६च्या 'ओंकारा' या हिंदी चित्रपटात इयागोच्या जागी असलेल्या लंगडा त्यागीचा सूड प्रेक्षकांना क्षणभरही अनाकलनीय वाटला नाही. कारण मूळ नाटकात आधीच घडून गेलेली नेमणूक तिथे पडद्यावर दिसते. सर्वांसमोर टिळा केसूच्या, म्हणजे तिथल्या कॅसिओच्या, कपाळी लागतो आणि त्यागीचा चेहरा आपण पाहतो. तो अपमान डोळ्यांनी पाहिला, की पहिले कारण किती खरे होते हे पटते. तेवढ्याने पुढचा संहार योग्य ठरत नाही, हेही.

सुडाचा हिशेब

शेवटच्या अंकात ऑथेल्लो विचारतो, की या माणसाने माझे मन आणि शरीर असे का अडकवले. इयागो उत्तर नाकारतो आणि यापुढे एक शब्दही बोलणार नाही असे सांगतो. छळाची धमकी दिली तरी नाटक संपेपर्यंत तो बोलत नाही. यात गूढ शोधायची गरज नाही. जी कारणे त्याने एकांतात आपल्याला सांगितली, ती त्या शय्येसमोर उभे राहून उच्चारली असती तर किती तोकडी वाटली असती. हुकलेली जागा, न पडताळलेली कुजबुज, दुसऱ्याचे बरे दिसणे. आजवर शब्दांवर जगलेल्या माणसाला आपली बाजू मांडायला शब्द उरलेले नाहीत.

शिवाय सुडाचा हिशेब मांडून पाहावा. रॉडरिगो, डेस्डेमोना, एमिलिया आणि ऑथेल्लो असे चार जण मेले. मुलीच्या लग्नाचे दुःख सहन न होऊन ब्रॅबॅन्शिओही गेल्याचे कळते. यांतल्या ऑथेल्लोशिवाय कोणीही इयागोचे काही बिघडवले नव्हते. एमिलियाला तर त्याने स्वतःच भोसकले, ती खरे बोलली म्हणून. आणि ज्याच्या नेमणुकीवरून हे सगळे सुरू झाले तो कॅसिओ पायाला जखम होऊन वाचतो, सायप्रसचा सुभेदार होतो आणि इयागोला काय शिक्षा द्यायची हेही त्याच्याच हाती येते. इयागोचा सूड त्याच्या स्वतःच्या मोजमापानेही फसला.

म्हणून मला इयागो अनाकलनीय राक्षस वाटत नाही. तसे मानले की आपण सुटतो. राक्षसाशी आपला संबंध नसतो. शेक्सपिअर सुटू देत नाही. तो आधी आपल्याला एका डावललेल्या माणसाची रास्त तक्रार ऐकवतो, आपली सहानुभूती मिळवतो आणि मग तिच्यातून काय-काय फुटते ते दाखवतो. तक्रार खरी आहे का, एवढेच विचारून भागत नाही. ती खरी असू शकते, आणि तिच्या नावाने चाललेला सूड तरीही निव्वळ अन्याय असू शकतो. दोहोंतला फरक ओळखायची कसोटी या नाटकाने देऊन ठेवली आहे: मागितलेले हाती आले, की माणूस थांबतो का? जो थांबतो त्याला न्याय हवा होता. जो थांबत नाही, त्याला काय हवे होते हे विचारायला उशीर करू नये. ऑथेल्लोने तो केला.